जिंतूरच्या गुरुजींना उत्तर: बाजेखालचे निखारे आणि पेलेटची शेगडी

गुरुजी, सादर नमस्कार.

आईच्या खोलीत बसवलेल्या पेलेटच्या, म्हणजे भुसा दाबून केलेल्या कांड्यांवर चालणाऱ्या शेगडीवर मी लिहिलं होतं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया मी आईलाही वाचून दाखवली. तुमचं म्हणणं असं: मे महिन्यात ४४ अंशांनी भाजणाऱ्या मराठवाड्यात घर तापवायचं यंत्र म्हणजे परदेशी श्रीमंतांची नक्कल, शेतातलं काड जाळलं तर जमीन खाईल काय, लाइट गेली की यंत्र बंद, आणि आपल्याकडं बाळंतिणीच्या बाजेखाली पिढ्यान्‌पिढ्या निखाऱ्यांची शेगडी होती, तिनं कुणाचं वाईट झालं नाही. माघात तुमच्या लेकीचं बाळंतपण तुमच्या घरी आहे आणि गोवऱ्या काढून ठेवल्यात, असंही तुम्ही लिहिलंय. म्हणून शेवटचा मुद्दा आधी घेते. बाकीचं राहिलं तरी चालेल, हे राहायला नको.

पाच वर्षांपूर्वी पौषात माझी धाकटी बहीण बाळंतपणाला घरी आली होती. बाळ अकरा दिवसांचं. खोली दहा बाय दहाची, वर स्लॅब. वारं लागू नये म्हणून आईनं खिडकीच्या फटीत जुनं लुगडं कोंबलेलं. आईनं काळजी घेतली नाही असं कुणी म्हणू नये. गोवऱ्या बाहेर चुलीवर फुलवल्या, धूर पार संपू दिला, मगच निखारे घमेल्यात घेऊन बाजेखाली सरकवले, वर ओवा-शेपा टाकल्या. पहाटे तीनच्या सुमारास मी ओसरीत झोपले होते, तेव्हा दारावर काहीतरी आदळल्याचा आवाज आला. बहीण मला हाक मारायला उठली होती आणि उंबऱ्यातच कोसळली होती. आई उलट्या करत भिंतीला धरून बसलेली. लेकरू हलवलं तरी डोळे उघडेना. तिघांना अंगणात ओढलं, शेजाऱ्यांच्या जीपनं तालुक्याला नेलं. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "खोलीत शेगडी होती का?" ऑक्सिजन लावला. दुपारी बाळ अंगावर प्यायला लागलं तेव्हा आई पहिल्यांदा रडली.

गुरुजी, धूर संपला म्हणजे धोका संपला, हीच आमची चूक होती. निखारे जळताना कार्बन मोनॉक्साइड सोडतात. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. धूर डोळ्यांना झोंबला की माणूस उठून दार तरी उघडतो. निखाऱ्यांच्या उबेत मात्र झोप लागते.

मग पिढ्यान्‌पिढ्या काही झालं नाही ते कसं? काही घरांत झालं असेल आणि "लेकरू रात्रीतून गेलं" एवढंच म्हणून विषय मिटला असेल, असं मला आता वाटतं. पण घरांचाही फरक होता. माझ्या आजीचं बाळंतपण माळवदात झालं. लाकडी सऱ्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर, आणि छताला सवणं, म्हणजे उजेड आत यायला आणि धूर बाहेर जायला ठेवलेलं भोक. दाराच्या फळ्यांतून वारा यायचा तो वेगळाच. शेगडीला वरून वाट होती. आमचं गाव औसा तालुक्यात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा दगडी भिंती आणि मातीची जड छतं माणसांच्या अंगावर आली. त्यानंतर वडिलांनी स्लॅबची खोली बांधली आणि ती बांधली ते बरोबरच केलं. माळवदाकडं परत जा असं मी कुणालाही सांगणार नाही. पण स्लॅब आला, सवणं गेलं, आणि शेगडी मात्र होती तशीच आत राहिली.

आईच्या खोलीतल्या शेगडीचं मला कौतुक आहे ते या एका कारणासाठी. तिला पाइप आहे. दार काचेचं, कडेनं दोरीची सील. जाळ त्या पेटीच्या आत, आणि जळालेली हवा पंखा ८० मिलिमीटरच्या नळीतून भिंतीबाहेर ढकलतो. खोलीत येते ती फक्त ऊब. पेलेट म्हणजे लाकडाचा भुसा वाळवून, दाबून काढलेल्या कांड्या, दिसायला जनावरांच्या कांडी पेंडीसारख्या, ६ किंवा ८ मिलिमीटर जाडीच्या. वेगळा डिंक लागत नाही. दाबानं भुसा तापतो, लाकडातलं लिग्निन मऊ होतं आणि तेच धरून ठेवतं. ओलावा दहा टक्क्यांच्या आत. शेगडीतला स्क्रू मोजून थोड्या थोड्या कांड्या टाकतो, पंखा लागेल तेवढी हवा देतो, म्हणून जळण पुरतं होतं. नक्कल म्हणाल तर १९७३ मध्ये तेल महागलं, त्यानंतर अमेरिकेतल्या लाकूड-गिरण्यांच्या भागात वाया जाणाऱ्या भुश्यापासून हे उभं राहिलं. टंचाईतूनच आलं.

थंडीचं म्हणाल तर तुमच्याच परभणीत कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत पारा पाच अंशांच्या खाली गेल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. समुद्र लांब, हवा कोरडी, आभाळ निरभ्र. दिवसभराची ऊब रात्रीतून निघून जाते. आईला दमा आहे. पौषातली पहाट तिला सोसत नाही.

काडाच्या बाबतीत मात्र तुमचं बरंचसं खरं आहे आणि माझं चुकलं होतं. "शेतातलं काहीही पेलेटला चालतं" असं मी लिहिलं होतं. चालत नाही. पहिल्या हिवाळ्यात स्वस्त म्हणून शेतमालाच्या काडाच्या कांड्या आणल्या, तर चार दिवसांत जळणाच्या भांड्यात वीटभट्टीतल्या खंगरासारखा गोळा जमला आणि शेगडी विझली. काडात पालाश आणि सिलिका जास्त, राख वितळते आणि गोठते. चांगल्या लाकडी पेलेटची राख शेकडा एकाच्याही आत असते, काडाच्या कांड्यांची त्याच्या कितीतरी पट. सोयाबीनची गुळी, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, जनावरानं खावी किंवा जमिनीत जावी, यावर तुमच्याशी वाद नाही. तुराट्यांनाही गावात दहा कामं आहेत.

पऱ्हाट्यांचं, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या झाडांचं, मात्र वेगळं आहे, इथं मी अडून बसणार. गुलाबी बोंडअळी राहिलेल्या बोंडांत दडून पुढचा हंगाम गाठते. २०१७ साली तिनं काय केलं ते आपण दोघांनी पाहिलंय. फरदड (हंगामानंतरही कपाशी उभी ठेवून काढलेलं पीक) घेऊ नका, हंगाम संपला की पऱ्हाट्या काढा, हे कृषी विद्यापीठ दरवर्षी सांगतं. श्रेडरनं बारीक करून रानात पसरता आल्या तर उत्तमच. पण बहुतेक शेतकरी बांधावर ढीग लावून पेटवतात. तो जाळ कुणाच्याच उपयोगाला येत नाही. त्याऐवजी त्या पेलेटच्या कारखान्याला गेल्या तर दोन पैसे तरी येतील.

खर्च लपवत नाही. शेगडी मी वापरलेली घेतली, पहाडातल्या एका हॉटेलातून निघालेली, भाड्यासकट ३८ हजारांना. रात्री दोन तास आणि पहाटे दोन तास चालते, अडीच किलोच्या आत पेलेट लागतात, मला किलोला १७ रुपये पडतात. म्हणजे रोजचे ४० रुपये. तेवढ्या उबेला विजेच्या हीटरवर दहाएक युनिट जातील. मिळवणं अवघड आहे. २०२१ च्या धोरणानंतर औष्णिक वीज केंद्रं कोळशात पेलेट मिसळतात, त्यामुळं कारखानदार ट्रकानं विकतो; दहा पोती मागणाऱ्या बाईसाठी त्याला वेळ नसतो. पोती पावसाळ्याआधी उंचावर ठेवावी लागतात, ओल लागली की कांड्यांचा पुन्हा भुसा.

आणि लाइट. पेटवताना काही मिनिटं तीनशे वॅटच्या आसपास, नंतर शंभरच्या आत. इन्व्हर्टरवर चालते. तरी मी नळी बाहेर काढून दहा फूट सरळ वर नेलीय, म्हणजे पंखा थांबला तरी उरलेल्या जळणाचा धूर आपोआप वर ओढला जाईल. भिंतीवर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे. तो नसेल तर शेगडी घेऊच नका.

तुम्ही शेगडी घ्या असं मी म्हणतच नाही. माघाला वेळही फार नाही. लेकीला शेक हवाच असेल तर वीट किंवा मिठाची पुरचुंडी बाहेर चुलीवर तापवा, जाड फडक्यात गुंडाळा, आपल्या मनगटावर धरून बघा, मग तिला द्या. बाळाला त्याच्या आईच्या अंगाची ऊब आणि वर टोपडं. काकूंना वाईट वाटेल, माझ्या आईलाही वाटलं होतं. हवं तर आई स्वतः त्यांच्याशी फोनवर बोलायला तयार आहे, तिनं तसं सांगितलंय. खोलीचं माप आणि कोणती भिंत बाहेरच्या बाजूला आहे ते कळवलंत तर नळीचा हिशोब मी करून देईन, पुढच्या थंडीसाठी. यंदा मात्र निखाऱ्यांचं घमेलं उंबऱ्याच्या बाहेरच राहू द्या.