लोखंड होडीतूनच का आणायचं : एका निनावी प्रतिक्रियेला उत्तर

निनावी महोदय,

तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, आज सकाळी पुन्हा वाचली. इतरांसाठी थोडक्यात सांगतो. व्हॅलहाइम या संगणकावरच्या खेळात पोर्टल म्हणजे क्षणात दुसरीकडे नेणारं दार, पण सेटिंग बदलल्याशिवाय साध्या पोर्टलमधून धातू नेता येत नाही. व्हॅलहाइममधल्या माझ्या वाडीवरच्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, 'दलदलीतलं लोखंड होडीत भरून घरी आणत बसणं हे रिकामटेकड्यांचं काम. सेटिंग बदला, पोर्टलमधून धातू न्या, मोकळे व्हा. लेख लांबलाय, फोटो अंधारे आहेत, दगडी भिंतींबद्दल चकार शब्द नाही.'

फोटो अंधारे आहेत, हे मान्य. रात्री काढलेत, दिवसाचे टाकतो.

पण रिकामटेकडे कुणाला म्हणताय? मी दिवसभर दुकानात उभा असतो आणि मुलं झोपली की तासभर खेळतो. इथे येणारे बहुतेक जण असेच वेळ काढून येतात. मत पटलं नाही तर जरूर सांगा, पण आमच्या वेळेची किंमत तुम्ही ठरवायची, तीही स्वतःचं नाव न सांगता, ही कुठली रीत? सांगलीत आम्ही तोंडावर बोलतो, पण आधी 'कोण आपण?' याचं उत्तर देऊन.

ती सेटिंग मला ठाऊक आहे. २०२३ पासून ती खेळात आहे आणि ज्याला हवी त्यानं खुशाल वापरावी. मी वापरत नाही, कारण ती चालू केली की घर कुठे बांधलं याला काही अर्थच उरत नाही.

हिशेब बघा. छोट्या कार्व्ह होडीत सामानाला चारच खाने. एका खान्यात कच्च्या लोखंडाचे ३० नग, म्हणजे एका खेपेला १२०. भट्टीत एका नगाला दोन कोळसे, म्हणजे २४० कोळसे. कोळशाच्या भट्टीत एका लाकडाचा एकच कोळसा होतो, म्हणजे २४० लाकडं. आता सांगा, वाडी कुठे हवी? होडी लागेल असा काठ हवा, मागे जंगल हवं, भट्ट्या धक्क्याजवळ हव्यात. वारा समोरून आला तर शीड उतरवून वल्ही मारावी लागतात, म्हणून दलदलीकडून येणारी वाटही बघावी लागते. हे सगळं जुळवत जुळवत जागा सापडते आणि मग त्या जागेची माया जडते. पोर्टलनं सगळं आलं तर पहिल्या दिवशी जिथे झोपडी टाकली तिथेच पेट्यांवर पेट्या रचल्या जातात. त्याला मी गोदाम म्हणेन, वाडी म्हणणार नाही.

हे मी खेळातून शिकलेलो नाही. माझे वडील मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी होते. सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या खड्ड्यांत, हळद साठवायचे ते उगीच नाही. तिथल्या मातीत पाणी झिरपत नाही म्हणून. दोन कोसांवर तेच पेव खणलं असतं तर हळद कुजली असती. आणि त्याच हरिपुरात २००५ च्या महापुरानं पेवांची काय दशा केली, तेही आम्ही पाहिलं. २०१९ ला गावभागातल्या आमच्या घरात पाणी शिरलं तेव्हा धान्याची पोती माडीवर चढवणाऱ्यांत मी होतो. माल कुठे ठेवायचा, कुठून कसा आणायचा, यावर माणसाचं घर उभं राहतं किंवा बसतं. हे ज्याच्या अंगावरून गेलंय त्याला 'मोकळे व्हा' असं सांगू नये. निदान या सुरात तरी नाही.

तुमच्या सुरावर मी इतकं बोलतोय कारण तुमच्या आधीही दोघांनी तोच सूर लावला होता. नवीन मुलं इथे प्रश्न विचारायला येतात आणि अशा प्रतिक्रिया वाचून गप्प बसतात. ते मला चालणार नाही.

राहिला दगडी भिंतींचा मुद्दा. खेळात दगडाचं बांधकाम करायला दगड घडवण्याचा जो बाक लागतो, त्यालाच आधी लोखंड लागतं. लेख लोखंड आणण्याचा होता, त्यामुळे भिंती त्याच्यानंतर येणार, हे उघड आहे. लेख लांब वाटला तर अर्ध्यात सोडा, माझी हरकत नाही.

पुढच्या भागात भट्ट्यांची मांडणी आणि दगडी धक्का घेतोय. त्यावर जरूर लिहा, नावानिशी.