मिस्टर कुठं असतात?

आज २६ जुलै, कारगिल विजय दिवस. सकाळपासून ज्याच्या त्याच्या स्टेटसला तिरंगा, द्रासचा फोटो, खाली 'कोटी कोटी नमन'. बरंय. चांगलंच आहे. पण दुपारपासून माझं डोकं फिरलंय, तेव्हा आज जरा लांबण लागणार. ज्याला वेळ नाही त्यानं पुढं सरकावं.

माझी मामेबहीण साताऱ्यात भाड्यानं दोन खोल्या शोधतेय. थोरला पाचवीत गेला, गावाकडनं एसटीनं शाळा जमेना. दाजी मराठा लाईट इन्फंट्रीत नाईक, सध्या वर लडाखला. फील्डला बायकापोरं नेता येत नाहीत, हे आपल्या जिल्ह्यात तरी कुणाला वेगळं सांगायला लागू नये.

आज तिच्याबरोबर एक जागा बघायला गेलो. मालक रिटायर्ड, गेटला झेंडा, बोलायला गोड. पाणी किती वाजता येतं, कपडे कुठं वाळत घालायचे, सगळं हौसेनं दाखवलं. डिपॉझिटचं ठरलं. मग विचारलं, "मिस्टर कुठं असतात?"

"आर्मीत."

"अरे वा! अभिमान आहे हो आम्हाला तुमचा." आणि लगेच, "म्हणजे तुम्ही एकट्याच राहणार?"

तिनं पर्समधनं प्लास्टिकच्या पाकिटातलं आधार आणि डिपेंडंट कार्ड काढून दिलं. काकांनी कार्ड लांब धरून वाचलं, उलटं करून वाचलं, परत दिलं. "तसं नाही ताई, आम्हाला फॅमिली पाहिजे होती."

दोन पोरं हाताशी धरून उभी असलेली बाई फॅमिली नाही! मग काय आहे?

बरं, घर त्यांचं, चावी त्यांची. भाडेकरूंनी घरमालकांना रडवल्याची उदाहरणं मलाही माहीत आहेत. मान्य. पण मग तो 'अभिमान' तोंडातनं काढू नका ना! सरळ सांगा, नाही देत.

आणि हा जिल्हा कुठला? सातारा! आपशिंगे मिलिटरीचं नाव घेऊन आपण बाहेर छाती काढून बोलतो. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान गेले. कर्नल संतोष महाडिक आपल्या पोगरवाडीचे. २०१५ च्या नोव्हेंबरात कुपवाड्यात त्यांना वीरमरण आलं, तेव्हा अख्खा जिल्हा रडला. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक स्वतः ट्रेनिंग करून २०१७ ला लेफ्टनंट झाल्या, तेव्हा त्यांचे फोटो आपण सगळ्यांनी फिरवले. फोटोतली वीरपत्नी आपल्याला चालते. जिवंत जवानाची बायको दारात येऊन भाडं किती विचारते, तेव्हा मात्र आपल्याला 'रात्री-अपरात्री कोण येणार-जाणार' हे आठवतं. हो, हेही विचारलं काकांनी. तिच्या तोंडावर. मी शेजारी उभा असताना.

कुणी म्हणेल, सरकार करतंय की. करतंय. २०२० ला राज्यानं माजी सैनिकांना आणि सैनिकांच्या विधवांना घरपट्टी माफ केली, चांगलं केलं. पण घरपट्टी माफ व्हायला आधी डोक्यावर छप्पर लागतं! फौजेचे फॅमिली क्वार्टर असतात, पण पुण्यासारख्या छावणीच्या गावात, आणि तिथंही नंबर लावून बसायचं. साताऱ्यातल्या शाळेत पोरगं घातलेल्या बाईनं काय करायचं?

आता खरी गंमत ऐका. आम्ही चपला घालत होतो तर काका हळूच म्हणतात, "कॅन्टीनचं कार्ड असेल ना? एखादी रम मिळाली तर बघा की."

खोली नाही, पण रम पाहिजे. मी काहीतरी वाईट बोलणार होतो, तिनं माझा दंड धरला.

रस्त्यावर आल्यावर मला म्हणते, "दादा, तू कशाला तापतोस? ही तिसरी जागा." आवाज अगदी साधा. भाजी महाग झाली सांगावं तसा. दाजींचा फोन रेंज असेल तेव्हा येतो, त्यात ती काय सांगते? पोरांनी जेवण केलं, धाकट्याचा दात पडला, इकडं पाऊस बरा आहे. खोलीचं एक अक्षर नाही. "तिकडं बसून ते काय करणार? उगी डोक्याला ताप." वर्षाला ६० दिवसांची रजा आणि ३० दिवसांची किरकोळ सुट्टी, तीही मिळेल तेव्हा. बाकी वर्षभर दवाखाना, गॅस, शाळेतली मीटिंग, सासऱ्यांचं बीपी, सगळं हिच्याच अंगावर. आपण त्याग त्याग म्हणतो, त्यातला निम्मा तर हिचाच की. हिला कुणी शाल दिलेली मी बघितली नाही. तिला नकोच आहे म्हणा शाल. न्हाणीघराला आतनं कडी असलेली खोली पाहिजे.

कारगिलला ५२७ जवान गेले. त्यांना आज हात जोडलेच पाहिजेत, माझा त्याला विरोध नाही, उगाच कमेंटमध्ये येऊन मला देशभक्ती शिकवू नका. काकांच्या स्टेटसलाही आज तोच फोटो आहे, जागा बघायच्या आधी आम्ही नंबर सेव्ह केला होता म्हणून दिसला.

असो. चिडून काय होणार. शाहूपुरी, करंजे किंवा सदरबझारकडं कुणाच्या ओळखीत दोन खोल्या असतील तर मला इनबॉक्स करा. दोन मुलं, एक आई. भाडं महिन्याच्या महिन्याला मिळेल, पोलीस व्हेरिफिकेशन आम्हीच करून आणू. दाजी सुट्टीवर आले की ते राहतील, कधी मी जाईन, तिचा भाऊ म्हणून, रात्रीसुद्धा. रम मिळणार नाही.