‘मोटर ती मोटरच’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

वेळ काढून एवढी सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल आधी आभार. बाकीच्यांनी अंगठा वर किंवा अंगठा खाली करून विषय संपवला. तुम्ही निदान मुद्दे मांडलेत, म्हणून उत्तरही जरा ऐसपैस देतो.

मूळ लेख ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी: ज्या डोंगरवाटांवर साध्या माउंटन बाइकला परवानगी आहे, तिथे पेडल-असिस्ट ई-बाइकलाही (म्हणजे पेडल मारलं तरच जिची मोटर साथ देते तिलाही) ती असावी, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं की मोटर ती मोटरच, तिने वाटा उखडतात, चालणाऱ्यांना धोका होतो, आज हिला आत घेतलं तर उद्या सगळ्याच सायकलींना बाहेर काढतील, आणि ‘ज्याला चढ झेपत नाही त्याने वर यायचंच कशाला?’

शेवटापासून सुरुवात करतो, कारण तेच वाक्य मला सगळ्यात जास्त खटकलं. बाइक पार्कमध्ये लोक सायकल लिफ्टला अडकवतात, आरामात बसून वर जातात आणि दिवसभर फक्त उतरत राहतात. कॅनडातल्या व्हिसलरला हे गेली कित्येक वर्षं चाललंय. त्यांना कुणी ‘फुकटे’ म्हणत नाही. मग जो माणूस पेडल मारत, धापा टाकत वर येतोय त्याच्याच घामाचा हिशेब का मागायचा? आणि घाम येतो बरं का. 2019 साली अमेरिकेत 33 अनुभवी माउंटन बाइकरांना एकाच मार्गावर दोन्ही सायकली चालवायला दिल्या होत्या. ई-बाइकवर त्यांच्या हृदयाचे सरासरी ठोके साध्या सायकलीच्या 94 टक्के भरले. अभ्यास लहान आहे, त्यावर इमले बांधू नयेत. पण ‘बसल्या बसल्या वर जातात’ हे म्हणणं तेवढ्यानेही टिकत नाही. गुडघ्याचं ऑपरेशन झालेला, साठी ओलांडलेला, हाताने चालवायची तीनचाकी घेऊन येणारा, ही माणसं तर मी अजून मोजलीही नाहीत.

आता मोटरचं. तुम्ही मोटरसायकल आणि ई-बाइक एकाच पिशवीत टाकल्यात. युरोपात 250 वॅटची, फक्त पेडल मारल्यावर साथ देणारी आणि ताशी 25 किलोमीटरला ती साथ थांबवणारी गाडी कायद्याने सायकल धरली जाते. अमेरिकेत तीन वर्ग आहेत: पहिल्या वर्गात फक्त पेडल-असिस्ट, ताशी 20 मैलांपर्यंत, दुसऱ्यात थ्रॉटल (पेडल न मारताही गाडी पळवणारा), तिसऱ्यात पुन्हा असिस्ट, पण 28 मैलांपर्यंत. मी बाजू घेतोय ती पहिल्या वर्गाची. थ्रॉटलवाली गाडी सिंगलट्रॅकवर, म्हणजे एका वेळी एकच सायकल मावेल अशा अरुंद वाटेवर नको, यावर तुमचं-माझं भांडणच नाही. तसं पाहिलं तर सरकारी खात्यांमध्येही एकमत नाही. 2019 मध्ये अमेरिकेच्या गृहखात्याने (म्हणजे तिथल्या सार्वजनिक जमिनी सांभाळणाऱ्या खात्याने) ई-बाइकना सायकलींसारखं वागवा असा आदेश काढला; जंगलखातं मात्र अजून त्यांना मोटर-वाहनच म्हणतं. म्हणजे रायडर तोच, गाडी तीच, डोंगरही तोच, पण हद्द ओलांडली की गाडीची जात बदलते.

एका जागी मात्र तुमचा मुद्दा तुमच्याही लक्षात आला नसेल इतका जोरदार आहे. तो 250 वॅटचा आकडा ‘सलग चालवताना’चा असतो. क्षणिक ताकद त्याच्या कितीतरी पुढे जाते. आजच्या बऱ्याच मोटरी 600 वॅटच्या आसपास देतात, आणि 2024 मध्ये ड्रोन बनवणाऱ्या डीजेआयने आणलेली अविनॉक्स बूस्ट मोडमध्ये 1000 वॅटपर्यंत जाते. कागदावर हीसुद्धा 250 वॅटचीच! भांडायचंच असेल तर इथे भांडा. क्षणिक ताकदीवर मर्यादा हवी, असं माझंही स्पष्ट मत आहे.

वाटा उखडण्याबद्दल. आंतरराष्ट्रीय माउंटन बायसिकलिंग असोसिएशनने, म्हणजे इम्बाने, 2015 मध्ये ऑरेगॉनमध्ये एकाच वाटेवर साधी सायकल, पहिल्या वर्गाची ई-बाइक आणि मोटरसायकल चालवून किती माती हलते ते मोजलं. ई-बाइक साध्या सायकलीच्या जवळपास निघाली, मोटरसायकल फार पुढे. फरक दिसला तो वळणांवर आणि चढ बदलतो तिथे. चढावरचं एखादं अरुंद वळण ओल्या दिवशी नीट बघा, म्हणजे कारण लगेच कळेल. नवखा रायडर टर्बोवरच (मोटरची सगळ्यात जास्त साथ) वळणात शिरतो, वेग पडतो, तो घाबरून पेडलवर जोर देतो. पेडलवरचा जोर मोजणाऱ्या टॉर्क सेन्सरला तेवढंच हवं असतं. मोटर सगळी ताकद एकदम सोडते, मागचं चाक मुळावरून घसरून जागच्या जागी फिरतं आणि वळणाच्या आतल्या बाजूला वीतभर चर पडतो. पुढचा पाऊस त्या चरातूनच वाहतो. हाच रायडर कमी साथीच्या इको मोडवर, बसून, एका लयीत पेडल मारत आला असता तर काहीच झालं नसतं. म्हणजे दोष मोटरचा कमी आणि अंगठ्याजवळच्या बटणाचा जास्त.

खरं तर मातीबाबत तुमच्या हातात याहून चांगला मुद्दा होता, तो तुम्ही वापरलाच नाहीत. एका फेरीत ई-बाइक साध्या सायकलीइतकीच झीज करते असं मानलं, तरी ई-बाइकवाला एका दुपारी एकाऐवजी तीन फेऱ्या मारतो. वाटेला फेऱ्या मोजता येतात, सायकलीचा प्रकार नाही. याला माझ्याकडे एकच उत्तर आहे: जो जास्त फिरतो त्याने फावडंही जास्त वेळा उचलावं. वाटांची डागडुजी करणाऱ्या काही गटांत ई-बाइकवर करवती-कुदळी लादून वर नेतात, म्हणजे ती मोटर उपयोगीही पडते. पण सगळे ई-बाइकवाले श्रमदानाला येतात असं म्हणण्याइतका भोळा मी नाही.

चालणाऱ्यांचा धोका. इथे बहुतेक लोक उतारावरच्या वेगाचं बोलतात, तुम्हीही तेच केलंत. उतारावर 25 च्या (अमेरिकेत 32 च्या) पुढे मोटर गप्पच असते. तिथे वेग गुरुत्वाकर्षणाचा आणि अक्कल रायडरची. खरा फरक चढावर पडतो. ढोबळ हिशेब करू. 75 किलोचा रायडर, 14 किलोची सायकल, 10 टक्के चढ, पायातून 150 वॅट: वेग ताशी साधारण 5 किलोमीटर, म्हणजे झपाझप चालणाऱ्या माणसाइतका. त्याच रायडरला 23 किलोची ई-बाइक द्या आणि मोटरने वरून 250 वॅट घालू द्या, वेग 12 च्या घरात जातो.

यात वाईट काय? डोंगरवाटांवरचा जुना शिरस्ता आहे की उतरणाऱ्याने चढणाऱ्याला वाट द्यायची. चढणारा मुंगीच्या पावलांनी येणार, हे त्यामागे गृहीत आहे. आता समजा वळणापलीकडचं फक्त 20 मीटर दिसतंय आणि वरून एकजण 20 च्या वेगाने येतोय. समोर साधी सायकल असेल तर दोघांना जवळपास तीन सेकंद मिळतात. ई-बाइक असेल तर जेमतेम सव्वादोन. ब्रेक दाबून सायकल कडेला घ्यायची तर ते पाऊण सेकंद फार मोलाचं असतं. पायी चालणाऱ्याचंही तेच. मागून चढावर कुणी इतक्या वेगाने येईल हे त्याच्या ध्यानीमनीही नसतं, आणि मोटरचा आवाजही फारसा येत नाही. म्हणून दुहेरी, अरुंद, आंधळ्या वळणांच्या वाटेवर ई-बाइकला चढाला बंदी घातली तर मी विरोध करणार नाही. त्याहून बरं म्हणजे ती वाट एकेरी करा आणि चढायला रुंद रस्ता द्या. पण हा निर्णय एकेका वाटेचा आहे. रुंद, लांबवर दिसणाऱ्या वाटेला हाच नियम लावायचं काहीच कारण नाही.

‘उद्या सगळ्याच सायकली बाहेर जातील’ ही भीती मला पोकळ वाटत नाही. माउंटन बाइकिंग जिथे रुजलं त्या कॅलिफोर्नियातल्या माउंट तमालपईसच्या परिसरात 1976 मध्ये रिपॅक ही उतारावरची सायकल शर्यत सुरू झाली. पुढे काही वर्षांतच तिथल्या अरुंद पायवाटा सायकलींना बंद झाल्या आणि रेंजर स्पीडगन घेऊन उभे राहू लागले. ‘आम्ही मोटरवाले नाही’ हाच त्या काळी सायकलवाल्यांचा मोठा आधार होता. तो आधार आपण होऊन सोडायचा का, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. पण तेव्हा सायकलींविरुद्ध पायी चालणारे काय म्हणत होते ते आठवा: यांत्रिक आहे, वेगवान आहे, वाटा उखडते, कष्टाने वर येणाऱ्यांचा आनंद हिरावते. तुमच्या प्रतिक्रियेतले चार शब्द बदलले तर तेच पत्र तयार होतं. 2017 मध्ये इम्बानेही भूमिका बदलली: वाट सांभाळणाऱ्यांनी साध्या सायकलींचा हक्क न गमावता ठरवलं तर पहिल्या वर्गाच्या ई-बाइकला हरकत नाही. मला ती अट योग्य वाटते.

राहता राहिली तुमच्या ताज्या कलमातली ती वेगमर्यादा उडवणारी चिप. वेग मोजणाऱ्या सेन्सरला फसवून 25 ची मर्यादा उडवणारी यंत्रं सर्रास मिळतात हे खरं आहे, आणि बॅटरी फ्रेमच्या नळीत दडलेली असल्यामुळे पाहून काही ओळखू येत नाही, हेही खरं. चिप बसवलेली गाडी बहुतेक देशांत कायद्याने सायकल उरतच नाही. माझ्या लेखातली परवानगीही तिला लागू नाही. तिला वाटेवरून हाकलताना तुम्ही मला हाक मारलीत तरी चालेल.