साउथ कॅरोलायनाने काय लिहून ठेवलंय ते तरी वाचा

परत तोच फॉरवर्ड. 'अमेरिकेतलं यादवी युद्ध गुलामगिरीवरून नव्हतंच, राज्यांच्या हक्कांसाठी होतं.' खाली अंगठ्यांचा पाऊस. जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकन लोकांना अर्पण केलं, हे माहीत असलेली मंडळीसुद्धा त्यात!

अहो, संघातून फुटणाऱ्या दक्षिणेच्या राज्यांनी कारणं स्वतःच लिहून ठेवलीत. साउथ कॅरोलायनाची परिषद आधी कोलंबियात भरली, तिथे देवीची साथ म्हणून चार्ल्सटनला हलली. २० डिसेंबर १८६० ला १६९ विरुद्ध ० मतांनी फुटून निघायचा ठराव झाला, २४ तारखेला कारणांचा जाहीरनामा आला. लिंकन निवडून आला होता, पण खुर्चीवर बसायला मार्च उजाडायचा होता.

जाहीरनाम्यातली मुख्य तक्रार अशी, की उत्तरेची राज्यं स्वतःचे हक्क फारच वापरतात. पळालेला गुलाम मालकाला परत करा, असं घटनेचं चौथं कलम सांगतं. वर १८५० चा कडक केंद्रीय कायदा. तरी ही राज्यं आपापले कायदे करून त्याला खीळ घालतात, म्हणून एकेका राज्याचं नाव घेऊन आदळआपट.

न्यूयॉर्कवर तर वेगळाच दात. १८५२ मध्ये व्हर्जिनियाचं लेमन जोडपं आठ गुलाम घेऊन टेक्सासला निघालं. जहाज बदलायला न्यूयॉर्कला उतरलं. लुई नेपोलियन नावाच्या स्वतंत्र काळ्या माणसाने कोर्टात हेबियस कॉर्पसचा, म्हणजे डांबून ठेवलेल्या माणसाला कोर्टापुढे हजर करवण्याचा, अर्ज टाकला आणि न्यायाधीश पेन यांनी आठही जणांना सोडलं. बाहेरच्या मालकाला गुलामांसह नऊ महिने राहू देण्याची सवलत त्या राज्याने १८४१ मध्येच काढून टाकली होती, त्यामुळे कायदा स्पष्ट होता. अपिलं १८६० पर्यंत चालली, निकाल तोच राहिला. जाहीरनाम्यात त्याची ओळ आहेच: न्यूयॉर्कच्या कोर्टांनी गुलाम नुसते राज्यातून नेण्याचा हक्कही नाकारला.

मग लेमन प्रकरणात राज्याचा हक्क कोणी वापरला? न्यूयॉर्कने! आणि चिडलं कोण?

बरं, खरं कारण आयात मालावरची जकात होती, असंही कोणी म्हणेल. १८३२ मध्ये साउथ कॅरोलायना जकातीवरून खरंच बिथरली होती, मान्य. पण १८५७ ची जकात कमी होती. वाढीव जकातीचा मॉरिल कायदा २ मार्च १८६१ चा, तोवर सात राज्यं बाहेर पडलेली. त्यांचे सिनेटर उठून गेले म्हणून तर तो मंजूर होणं सोपं झालं! उत्तरही काही सोवळी नव्हती. गुलामगिरी चालू असलेली मेरीलँड, केंटकीसारखी राज्यं संघातच राहिली, आणि जिथे ती आहे तिथे हात लावणार नाही असं लिंकनच म्हणत होता. असो.

१८६० च्या शिरगणतीत साउथ कॅरोलायनाच्या ७,०३,७०८ माणसांपैकी ४,०२,४०६ गुलाम होती. निम्म्याहून जास्त. त्या १६९ मतांत त्यांचं एकही नाही. हे लिहिताना राग ओसरतो आणि नुसतं वाईट वाटतं. लेमनच्या आठांत लहान पोरं होती. सुटल्यावर त्यांना कॅनडात पोचवलं, कारण अमेरिकेत पुन्हा धरलं जायची भीती.

तरीही कोणाला 'राज्यांचे हक्क'च म्हणायचं असेल, तर फुटीर राज्यांची मार्च १८६१ ची घटना काढा. बरीचशी जुनीचीच नक्कल, पण चौथ्या कलमात एक भर आहे: कोणत्याही नागरिकाला आपले गुलाम घेऊन कोणत्याही राज्यातून जाता येईल, तिथे मुक्काम करता येईल. न्यूयॉर्कने लेमनना जी मनाई केली, ती करायचा हक्क या नव्या देशात एकाही राज्याला ठेवला नव्हता.