गठ्ठा न सोडता निवड कशी करावी

विद्यापीठाच्या अंतर्गत निवड समितीवर तुमची वर्णी लागली म्हणायची. निधी देणाऱ्या संस्थेने कळवले आहे की एका विद्यापीठाकडून एकच प्रस्ताव स्वीकारला जाईल, आणि तुमच्या टेबलावर चौदा प्रस्तावांचा गठ्ठा येऊन पडला आहे. घाबरू नका. पथ्य एकच आहे: गठ्ठ्याची दोरी सोडायची नाही. प्रस्ताव वाचला की मत होते, मत झाले की कारण द्यावे लागते, आणि कारण एकदा इतिवृत्तात गेले की पुढच्या वर्षी कोणीतरी तेच तुमच्या तोंडावर वाचून दाखवते.

वाचायचे नाही म्हणून चिठ्ठ्या टाकायच्या, असे मात्र नाही. त्याकडे नंतर येऊ. तुमच्या मदतीला एक्सेलची शीट आहे. कार्यालयाने ती आधीच करून ठेवलेली असते: नाव, पद, विभाग, आजवर मिळालेला निधी, एच-इंडेक्स (लेख किती आणि इतरांनी त्यांचे दाखले किती दिले, यावरून काढलेला आकडा), मागितलेली रक्कम. सगळ्यात शेवटी 'विषय' नावाचा कॉलम असतो. तो इतका अरुंद असतो की त्यात 'जमिनीतील सूक्ष्मजी' एवढेच दिसते. मी एकदा अशाच एका बैठकीत तो रुंद करायला सांगितला, तर प्रिंट दुसऱ्या पानावर गेली आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. तुम्ही या भानगडीत पडू नका.

एच-इंडेक्सवर निर्धास्त टेका. हॉर्हे हिर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये तो मांडला. त्याचा मोठा गुण असा की तो कधी उतरत नाही. माणूस निवृत्त होवो, संशोधनाचा कंटाळा येऊन नुसता फायलींवर सह्या करत बसो, फार काय, वारलेला असो. जुन्या लेखांचे दाखले वाढत राहिले तर आकडा वर चढेल, पण खाली म्हणून येणार नाही. तीन वर्षांपूर्वी लागलेल्या बाईंचा प्रस्ताव कितीही नवा असला, तरी असा आकडा त्या कुठून आणणार?

दुसरा आधार 'आजवर मिळालेला निधी'. ज्याला मिळाले त्यालाच आणखी मिळते, या प्रकाराला समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९६८ मध्येच नाव देऊन ठेवले आहे: मॅथ्यू इफेक्ट. नाव मिळाले की खोडीची परंपरा होते. नेदरलँड्समधल्या तरुण संशोधकांचा एक अभ्यास २०१८ मध्ये आला. गुणांच्या काठावर जेमतेम पास झालेल्यांना पुढच्या आठ वर्षांत जेमतेम नापास झालेल्यांच्या दुपटीहून जास्त निधी मिळाला. दोघांच्या प्रस्तावांत फरक तो काय, केसाएवढा. पण तुमच्या कामाची गोष्ट पुढेच आहे. या दरीचा काही भाग नाकारलेल्यांनी स्वतःच खणलेला निघाला, कारण त्यांनी पुन्हा अर्ज करणे कमी केले. म्हणजे यंदा नीट नाही म्हणालात, तर पुढच्या वर्षी गठ्ठाच लहान येईल.

म्हणूनच दोन पानी सारांशावर भागवू नका, चौदाही जणांकडून पूर्ण प्रस्ताव मागवा. सूचना गुरुवारी संध्याकाळी काढा, मुदत सोमवारी सकाळची ठेवा. ऑस्ट्रेलियात २०१२ मध्ये आरोग्य संशोधनाच्या एका मोठ्या फेरीचा हिशेब झाला होता. ३,७०० हून अधिक प्रस्ताव लिहिण्यात संशोधकांची मिळून सुमारे ५५० वर्षे खर्ची पडली, आणि पाचातल्या चौघांना नकार आला. तिथे निदान मोजले तरी. आपल्या चाळणीतले तास कुठल्याच कॉलमात येत नाहीत.

बैठकीत 'गुणवत्ता' हा शब्द सुरुवातीला एकदा उच्चारा आणि मग मूळ मुद्द्यावर या: गेल्या वर्षी कोणाची पाळी होती? रसायनशास्त्राची झाली असेल तर यंदा जीवशास्त्र, हे शहाण्याला सांगावे लागत नाही. मागितलेली रक्कमही बघा. रक्कम मोठी तर विद्यापीठाच्या वाट्याला येणारा ओव्हरहेड, म्हणजे निधीतून वरखर्चासाठी कापला जाणारा हिस्सा, मोठा, तेव्हा थोडक्या पैशांत होणाऱ्या संशोधनाकडे संशयानेच बघितलेले बरे. आणि चुकून एखाद्या कनिष्ठाचाच प्रस्ताव सगळ्यांना आवडला, तर 'मार्गदर्शनासाठी' एका ज्येष्ठाचे नाव वर घालायला सुचवा. आयत्या बिळाला नागोबा मिळतो आणि शीटमधला आकडाही सुधारतो.

आता चिठ्ठ्या. समितीत एखादा तरी उत्साही निघतोच. न्यूझीलंडच्या आरोग्य संशोधन परिषदेने २०१३ पासून एका योजनेत पात्र प्रस्तावांमध्ये सोडत काढायला सुरुवात केली, स्वित्झर्लंडच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानने २०२१ मध्ये बरोबरीतल्या प्रस्तावांसाठी तोच मार्ग धरला, हे सगळे तो सांगेल. वर अमेरिकेतला प्रयोग ऐकवेल: ४३ तज्ज्ञांना २५ प्रस्ताव वाचायला दिले, तर एकाच प्रस्तावाबद्दल दोघांचे जुळण्याची मारामार. शांतपणे ऐकून घ्या आणि म्हणा, 'सर, हे अशास्त्रीय वाटते.' खरी अडचण बोलायची नसते. कोण कोणाचा विद्यार्थी होता, हे चिठ्ठीला कळत नाही.

निवड झाली की तेरा पत्रे उरतात. मजकूर तयारच आहे: 'यंदा प्रस्तावांचा दर्जा अत्यंत उच्च असल्याने निवड करणे समितीला फार जड गेले.' फक्त पाठवण्याआधी वरचे नाव बदला. एका वर्षी आमच्याकडून ते राहून गेले, आणि तेराही जणांना आदल्या वर्षीच्याच बाईंच्या नावाने पत्र गेले. त्या तोवर दुसऱ्या विद्यापीठात रुजू झाल्या होत्या. तोच प्रस्ताव त्यांनी तिथून पाठवला, तो मंजूर झाला, आणि आमच्या वार्षिक अहवालात 'माजी सहकाऱ्यांचे यश' या सदरात त्यांचा फोटो छापून आला. खाली विषय दिला होता, 'जमिनीतील सूक्ष्मजी'.