हिरवे पाणी, मोरचूद आणि गोल्डफिश : एका फिरत्या उपायाचा प्रतिवाद

उन्हाळा तोंडावर आला की परसातल्या आणि गच्चीवरच्या छोट्या तळ्यांसाठीचा एक उपाय मोबाइलवरून फिरू लागतो. त्याचा आशय असा : गोल्डफिशच्या तळ्याचे पाणी हिरवे झाले म्हणजे ते नासले, मासे बादलीत काढावेत, सगळे पाणी उपसावे, तळ आणि भिंती ब्लीचिंग पावडरने घासाव्यात, नळाचे ताजे पाणी भरून त्यात तुरटी फिरवावी, चिमूटभर मोरचूद (कॉपर सल्फेट, म्हणजे तांब्याचा क्षार) टाकावे आणि शेवाळ खाण्यासाठी दोन सकर मासे सोडावेत, दोन दिवसांत पाणी आरशासारखे होते आणि पुढे वर्षभर त्याकडे बघावे लागत नाही. यातील बहुतेक पायऱ्या माशांच्या जिवावर बेतू शकतात आणि पाणी ज्या कारणाने हिरवे झाले, त्या कारणाचा उपाय यात कुठेही नाही. म्हणून प्रत्येक दावा वेगळा घेऊन तपासणे आवश्यक आहे.

पहिला दावा, हिरवे पाणी म्हणजे नासलेले पाणी. हा रंग पाण्यात तरंगणाऱ्या एकपेशीय शैवालांचा असतो. क्लोरेला, सिनेडेस्मस, युग्लिना ही त्यांतील नेहमी आढळणारी नावे. यांतील पुष्कळ पेशी अवघ्या काही मायक्रॉन आकाराच्या असतात आणि त्यामुळेच साध्या स्पंजच्या फिल्टरमधून त्या सहज आरपार जातात. फिल्टर चोवीस तास चालू असूनही पाणी निवळत नाही, या तक्रारीचे मूळ इथे आहे. नासलेल्या पाण्याला वास येतो. या पाण्याला सहसा येत नाही. आपल्याकडे कटला-रोहूची मत्स्यशेती करणारे शेतकरी तर तळ्यात शेण आणि सुपर फॉस्फेट टाकून पाणी मुद्दाम हिरवे करून घेतात आणि कोपरापर्यंत हात बुडवून तळवा दिसतो की नाही यावरून त्याची दाटी ठरवतात. जपानमध्ये गोल्डफिशची पैदास करणारे हिरव्या पाण्याला ‘आओमिझु’ म्हणतात आणि पिल्लांसाठी व हिवाळ्यात माशांना सांभाळण्यासाठी ते जाणीवपूर्वक राखतात.

याचा अर्थ हिरव्या पाण्याकडे दुर्लक्ष करावे असा मात्र नाही. शैवाल फार दाट झाले की दिवसा ते प्राणवायू सोडते आणि रात्री माशांच्या बरोबरीने तोच प्राणवायू वापरते, त्यामुळे पहाटे पाण्यातील प्राणवायू सर्वांत कमी असतो. सूर्य उगवण्याच्या सुमारास मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करत असतील, कल्ले भराभर हलत असतील आणि ऊन चढल्यावर तेच मासे पुन्हा नेहमीसारखे खाली फिरू लागत असतील, तर हे त्याचेच लक्षण होय. दुसरा धोका संध्याकाळचा आहे. दिवसभर शैवाल पाण्यातील कार्बन डायऑक्साइड शोषून घेते आणि पाण्याचा सामू (पीएच) चढत जातो. सकाळी साडेसातच्या घरात असलेला सामू दुपार टळल्यावर नऊच्या पुढे गेलेला दिसू शकतो. पंचवीस अंश तापमानाच्या पाण्यात सामू ७ असताना माशांनी सोडलेल्या एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का भाग विषारी रूपात असतो, तर सामू ९ असताना तो छत्तीस टक्क्यांच्या आसपास जातो. म्हणून केवळ सकाळी तपासणी करून निर्धास्त राहणे योग्य नाही. तसेच पृष्ठभागावर हिरवा ऑइलपेंट सांडल्यासारखा थर आणि कुबट वास असेल, तर तो नीलहरित जिवाणूंचा प्रकार असण्याची शक्यता आहे. त्यांतील काही जाती विष तयार करतात, तेव्हा ते पाणी कुत्र्या-मांजरांच्या तोंडी लागू देऊ नये.

दुसरा दावा, सगळे पाणी बदलले की प्रश्न मिटतो. इथे थोडा हिशेब करावा लागेल. दोन मीटर लांब, एक मीटर रुंद आणि अर्धा मीटर खोल तळ्यात एक हजार लिटर पाणी मावते. अशा तळ्यातील माशांना दिवसाला दहा ग्रॅम खाद्य घातले, तर महिन्याला तीनशे ग्रॅम होते. खाद्यात चाळीस टक्के प्रथिने धरली तर ती एकशेवीस ग्रॅम भरतात, आणि प्रथिनांत साधारण सोळा टक्के नायट्रोजन असतो, म्हणजे सुमारे एकोणीस ग्रॅम. यातला पाव ते तिसरा हिस्सा माशांच्या अंगी लागतो. उरलेला तेरा-चौदा ग्रॅम नायट्रोजन, बराचसा कल्ल्यांवाटे अमोनिया म्हणून, पाण्यात उतरतो. कोणतीही वनस्पती नसलेल्या आणि पाणी न बदललेल्या तळ्यात त्याचे एका महिन्यात लिटरला साठ मिलिग्रॅमच्या आसपास नायट्रेट होते. शैवालासाठी हे खतच आहे. पाणी बदलल्याने त्या दिवसापुरते हे खत निघून जाते, हे मान्य केले पाहिजे. परंतु आठवड्याला दहा ते वीस टक्के पाणी बदलूनही ते कमी होत राहते, आणि त्यात तळ्याची घडी मोडत नाही.

सगळे पाणी उपसून भिंती घासल्यावर ती घडी मोडते. भिंतींवर, खडीत आणि फिल्टरच्या स्पंजवर जिवाणूंचा जो बुळबुळीत थर असतो, तो अमोनियाचे आधी नायट्राइटमध्ये आणि मग नायट्रेटमध्ये रूपांतर करतो. ब्लीचिंग पावडरने तो मरतो आणि पुन्हा तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर मासे अमोनियात राहतात. भिंतीवरचे आखूड, मखमलीसारखे हिरवे शेवाळ आपण घाण समजून खरवडतो, पण ते तरंगत्या शैवालाच्या वाट्याचे खत खात असते आणि गोल्डफिश दिवसभर त्यावरच चरत असतात. ते गेले, जिवाणू गेले, वरून लख्ख ऊन तळापर्यंत पोहोचू लागले आणि अमोनिया आयता मिळाला, की फटींत उरलेल्या मूठभर पेशी आठ-पंधरा दिवसांत पाणी पुन्हा हिरवे करतात. पूर्वीपेक्षा दाट हिरवे होते, असेही पुष्कळांच्या अनुभवाला येते.

शिवाय नळाच्या पाण्यात क्लोरीन असते. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकानुसार नळाशी लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावे लागते, आणि माशांच्या कल्ल्यांना याच्या निम्म्यापेक्षा कमी क्लोरीनही इजा करते. थोडे पाणी बदलताना हे प्रमाण विरळ होते; सगळे पाणी बदलताना मासे सरळ त्यातच जातात. पाणी पिंपात एक दिवस उघडे ठेवून वा अँटी-क्लोरीन घालून मगच वापरावे.

तिसरा दावा तुरटीचा. पावसाळ्यात गढूळ पाण्यात तुरटी फिरवून ते निवळून घेण्याची रीत घराघरांत आहे आणि पिण्याच्या पाण्यापुरती ती योग्यही आहे, कारण तिथे निवळलेले पाणी वरून काढून घेतले जाते आणि गाळ मागे राहतो. तळ्यात मासे त्याच गाळावर राहतात. तुरटीमुळे शैवालाचे पुंजके तळाशी बसतात, तिथे ते कुजतात आणि त्यांतला बराचसा नायट्रोजन पुन्हा पाण्यात येतो. तुरटी पाण्याची अल्कलिनिटी, म्हणजे सामू स्थिर ठेवणारे बायकार्बोनेट, खर्च करते. अल्कलिनिटी मुळातच कमी असेल तर सामू कोसळतो, आणि आम्लधर्मी पाण्यात विरघळलेले ॲल्युमिनियम कल्ल्यांवर बसते.

मोरचुदाचा दावा सर्वांत घातक आहे, कारण त्यात अर्धसत्य आहे. तांबे शैवाल मारते आणि मत्स्यतळ्यांत त्याचा वापर होतो, ही गोष्ट खरी. पण मत्स्यशास्त्रात त्याची मात्रा पाण्याची अल्कलिनिटी मोजून ठरते : अल्कलिनिटी लिटरला जितके मिलिग्रॅम असेल, त्या आकड्याला शंभराने भागून येईल तितके मिलिग्रॅम मोरचूद प्रत्येक लिटरला, आणि अल्कलिनिटी पन्नासच्या खाली असेल तर मोरचूद वापरायचेच नाही. आपल्या हजार लिटरच्या तळ्यात अल्कलिनिटी शंभर असेल तर ही मात्रा एक ग्रॅम होते. स्वयंपाकघरातल्या छोट्या चमच्यात मोरचूद पाच-सहा ग्रॅम मावते. चिमूट नावाचे माप तर दर हाताला वेगळे.

महाराष्ट्रात पाण्या-पाण्याच्या अल्कलिनिटीतला फरक फार मोठा आहे. देशावरच्या काळ्या पाषाणातील बोअरचे पाणी जड असते आणि त्याची अल्कलिनिटी पुष्कळदा दोनशे-तीनशेच्या घरात जाते. कोकणातील जांभ्या दगडातल्या विहिरीचे पाणी आणि गच्चीवर साठवलेले पावसाचे पाणी अतिशय मऊ असते. नगरकडे एखाद्याने मोरचूद टाकले, मासे जगले आणि पाणी निवळले. त्याने तोच उपाय मोठ्या विश्वासाने रत्नागिरीच्या नातलगाला पाठवला, आणि तिथे त्याच चिमटीने सगळे मासे उलटे झाले, असे यातून घडू शकते. दोघांनीही सांगितल्याप्रमाणेच केलेले असते. मासे पहिल्या दिवशी वाचले तरी दुसरे संकट उरतेच : एकाच वेळी मेलेले सगळे शैवाल कुजताना प्राणवायू ओढून घेते आणि मासे दुसऱ्या-तिसऱ्या पहाटे गुदमरतात, तेव्हा दोष मोरचुदाचा होता हे कुणाच्या लक्षातही येत नाही. तांबे विघटित होत नाही, ते गाळात साठत राहते आणि गोगलगायी व पाण्यातले पिसू, म्हणजे शैवालाचे नैसर्गिक भक्षक, माशांच्याही आधी मरतात.

सकर माशाबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. तो पृष्ठभागांना चिकटलेले शेवाळ खरवडतो. पाण्यात तरंगणाऱ्या पेशी त्याच्या तोंडी लागत नाहीत. भूक लागली की तो संथ गोल्डफिशच्या अंगाला चिकटून त्यांचा श्लेष्माचा थर ओरबाडतो, आणि त्या जखमांवर बुरशी धरते. मोठा झाल्यावर नकोसा होऊन नदीत सोडला जातो. दक्षिण अमेरिकेतला हा मासा केरळ, आंध्र आणि बंगालच्या पाण्यांत पसरून स्थानिक मासेमारीला उपद्रव देत आहे. घरच्या तळ्यापायी आपल्या नदीवर ही आपत्ती आणण्याचा अधिकार कुणालाही नाही.

राहिला शेवटचा दावा, वर्षभर बघावे लागत नाही. जिवंत माशांच्या तळ्याबाबत असे कुणीही म्हणू नये. मात्र रोजचे बघणे फारसे कठीणही नाही. खाद्य दोन-तीन मिनिटांत संपेल इतकेच घालावे. माझ्या मते निम्म्याहून अधिक हिरव्या तळ्यांचे कारण केवळ प्रेमापोटी घातलेले जादा खाद्य आहे. बागेतले शेणखत पावसाच्या लोंढ्याबरोबर तळ्यात येणार नाही, इतका काठ उंच असावा. पृष्ठभागाचा निम्मा भाग कुमुदिनीच्या पानांनी किंवा शेडनेटने झाकलेला असावा. फिल्टरचे पाणी खडीच्या एका उथळ कुंडातून फिरवून त्यात कर्दळ, वाळा किंवा अळू लावले, तर त्यांची मुळे तेच नायट्रेट शोषून घेतात आणि गोल्डफिशला ती कुरतडता येत नाहीत. जलपर्णी हे काम झपाट्याने करते, पण वाढलेली जलपर्णी ओढ्यात टाकण्याऐवजी वाळवून कंपोस्टमध्ये घालावी.

लवकर निवळलेले पाणी हवेच असेल, तर यूव्ही दिवा हा प्रामाणिक उपाय आहे. २५४ नॅनोमीटरच्या किरणांनी पेशी निकामी होऊन एकमेकींना चिकटतात आणि मग फिल्टरमध्ये अडकतात. हजार लिटरला पाच ते नऊ वॅटचा दिवा आणि तळ्याचे सगळे पाणी एक-दोन तासांत एकदा फिरवणारा पंप पुरतो. दिवा वरून निळा दिसत असला तरी आठ-नऊ हजार तासांनंतर त्याचे उपयोगी किरण क्षीण होतात, म्हणून तो वर्षाला बदलावा, काचेची नळी महिन्याला पुसावी आणि जोडणीला वीजगळती होताच प्रवाह तोडणारा स्विच असल्याशिवाय पाण्यात हात घालू नये. खत मात्र या दिव्याने कमी होत नाही, त्यामुळे खाद्य आणि झाडे यांची शिस्त सोडता येत नाही.

आणि पहाटे मासे वर येत असतील, तर रंगाचा विचार नंतर करावा. आधी एअर पंप रात्रभर चालू ठेवावा, एक-दोन दिवस खाद्य बंद करावे, क्लोरीन उडालेले पाणी तळ्याच्या पंधरा टक्क्यांइतके बदलावे, आणि काढलेले हिरवे पाणी कढीपत्त्याच्या किंवा जास्वंदीच्या आळ्यात ओतावे.