नाव लपवणारे आणि नाव सांगणारे : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. जपानी विद्यापीठांतल्या ख्रिस्ती विद्यार्थी गटांवरच्या माझ्या लेखावर तुम्ही रोखठोक लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : घरापासून दूर आलेल्या एकट्या पोरांना गाठायचं, परदेशी पैशावर धर्म गळी उतरवायचा, घरच्यांना विचारायचं नाही, आणि दीडशे वर्षांनी हाती काय, तर जेमतेम एक टक्का लोक. शिवाय वसईच्या माणसाने जपानची उठाठेव का करावी, असंही विचारलंत.

शेवटचं आधी. १५९७ साली नागासाकीत ज्या सव्वीस जणांना क्रुसावर चढवलं, त्यांतले गोन्सालो गार्सिया आमच्या वसईचे. हे नाव लहानपणापासून कानावर आहे. जपान मला परका वाटत नाही.

आता पोरांना गाठण्याबद्दल. तुमची भीती अजिबात खोटी नाही. २० मार्च १९९५ ला टोकियोच्या भुयारी रेल्वेत सारिन वायू सोडणाऱ्या ओम शिनरिक्यो पंथात नामांकित विद्यापीठांत शिकलेले डॉक्टर आणि शास्त्रज्ञ होते. कोरियात सुरू झालेल्या युनिफिकेशन चर्च या पंथाची विद्यार्थी शाखा तर १९६० च्या दशकापासून विद्यापीठांत वावरत होती. त्या संस्थेच्या विसर्जनाचा आदेश टोकियो जिल्हा न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये दिला. असल्या पंथांची रीत ठरलेली. खेळाचं मंडळ, स्वयंसेवा असं काहीतरी सांगून बोलवायचं, मैत्री वाढवायची आणि मुलगा पुरता गुंतला की मग धर्माचं नाव काढायचं. एप्रिलमध्ये नवं वर्ष सुरू झालं की विद्यापीठंच नव्या मुलांना यांच्यापासून सावध करतात.

मी ज्यांच्याबद्दल लिहिलं ते केजीकेचे गट. ही विद्यार्थी संघटना १९४७ पासूनची, प्रोटेस्टंट. मी स्वतः कॅथलिक, तरी त्यांच्या एका गटात पाहुणा म्हणून बसलो आहे. जेवणाची सुट्टी, रिकामा वर्ग, पाच-सहा मुलं, कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेल्या ओनिगिरी, म्हणजे भाताचे गोळे. पत्रकावर पहिल्याच ओळीत छापलेलं : आम्ही ख्रिस्ती आहोत, इथे बायबल वाचतो. एक उतारा वाचून झाला. इंजिनिअरिंगचा एक मुलगा, जो ख्रिस्ती नव्हता, म्हणाला, "मला हे पटत नाही." त्याची समजूत घालायला कुणी धावलं नाही. गट चालवणाऱ्या मुलीने त्याचा प्रश्न वहीत लिहून घेतला, तेवढ्यात तासाची वेळ झाली आणि सगळे पांगले. या मुलीला आणि त्या पंथांच्या दलालांना एका माळेत ओवणं अन्यायाचं आहे, असं मला मनापासून वाटतं.

पैशाचं म्हणाल, तर परदेशी मिशनच्याही संस्था आहेत आणि त्यांना बाहेरून मदत येते, हे खरंच. पण उत्तर जपानमधल्या साप्पोरो शहराचं उदाहरण बघा. विल्यम क्लार्क हा अमेरिकन शिक्षक १८७६ मध्ये तिथल्या कृषी महाविद्यालयात आला आणि वर्ष भरायच्या आत परतला. पुढचं सगळं मुलांनी केलं. वरच्या वर्गातल्या मुलांनी उचिमुरा कान्झोवर, जो पुढे ख्रिस्ती विचारवंत झाला, क्लार्कने लिहिलेल्या ख्रिस्ती श्रद्धेच्या प्रतिज्ञापत्रावर सही करण्यासाठी दबाव आणला. मनाविरुद्ध सही केली, हे त्याने स्वतःच पुढे लिहून ठेवलंय. म्हणजे दबाव होता, तो मी झाकत नाही. पण हीच मुलं पदवीनंतर स्वतःचं स्वतंत्र चर्च उभारतात आणि मिशनकडून घेतलेले पैसे १८८२ पर्यंत फेडून मोकळी होतात. उचिमुराने तर आयुष्यभर परदेशी मिशनच्या छत्राखाली न राहणारा ख्रिस्ती धर्म सांगितला.

एक टक्क्याचं ओझं मला वाटत नाही; संख्या थोडी असली तरी एकेक माणूस काय करतो ते बघा. यानाइहारा तादाओ हा उचिमुराचा शिष्य. टोकियो इम्पीरियल विद्यापीठात प्राध्यापक असताना युद्धाविरुद्ध लिहिलं-बोललं म्हणून १९३७ मध्ये त्याला राजीनामा द्यावा लागला. युद्धानंतर तो परतला आणि १९५१ मध्ये त्याच विद्यापीठाचा प्रमुख झाला.

घरच्यांबद्दल मात्र तुमच्याशी माझं भांडण नाही. थोरल्या मुलाने बाप्तिस्मा घ्यायचा म्हटलं की आई-वडिलांसमोर पहिला प्रश्न उभा राहतो तो घराण्याच्या थडग्याचा आणि घरातल्या बुत्सुदानचा, म्हणजे पूर्वजांच्या बौद्ध देव्हाऱ्याचा : आमच्यामागे हे कोण बघणार? त्यावर त्या घरात महिनोन्महिने बोलणं व्हायला हवं, आणि तोवर गटाने थांबायला हवं. कुणी गटप्रमुख मुलाला "घरी एवढ्यात सांगू नकोस" म्हणत असेल, तर त्याच्याविरुद्ध तुमच्यासोबत मीही लिहीन, मग तो गट केजीकेचा का असेना.